फंक्शन जनरेटरवर ३.३ व्होल्ट, स्कोपवर ६.६ दिसायलंय, बोर्डाला लावू का नको?

उद्यमबाग_कार्डवाला

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं शेड हाय, सीएनसीची कार्डं, ड्राईव्ह, पॅनल असलं रिपेअरीचं काम करतो. आत्तापर्यंत मल्टिमीटर आणि एक जुना दोन मेगाहर्ट्झचा अ‍ॅनालॉग जनरेटर यावर भागत होतं, आता दोन चॅनलचा डीडीएस (डिजिटल पद्धतीनं लाटा तयार करणारा) जनरेटर घेतलो, चायनीजच हाय, २५ मेगाहर्ट्झवाला. स्कोप (ऑसिलोस्कोप) १०० मेगाहर्ट्झचा आधीपासून हाय.

तर झालंय असं की एक कार्ड आलंय त्यातला प्रोसेसर उठेनाच. एसटीएम३२ हाय, ३.३ व्होल्टवर चालणारा, बाजूला ८ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल. सप्लाय बरोबर हाय, रीसेट पिन वर हाय, क्रिस्टलवर मात्र काहीच हालचाल नाही. क्रिस्टल गेलंय का प्रोसेसरच गेलाय ते कळेना म्हणून म्हटलं जनरेटरमधनंच ८ मेगाचा क्लॉक आत सोडून बघू. स्क्वेअर, ८ मेगाहर्ट्झ, ३.३ व्होल्ट पीक टू पीक असं सेट केलो आणि बोर्डाला लावायच्या आधी सवयीनं स्कोपवर बघितलो तर ६.६ व्होल्ट! वर अजून अर्धा वेव्ह शून्याच्या खाली. प्रोब १०एक्सवर हाय, स्कोपच्या मेनूत पण १०एक्सच हाय, ते बघून झालंय. विकणारा म्हणतो तुमचा स्कोप दाखवून घ्या, स्कोप दुरुस्तीवाला म्हणणार जनरेटर दाखवून घ्या.

दुसरं, स्क्वेअरच्या प्रत्येक कोपऱ्यावर शिंगं आल्यागत दिसतंय, वर उसळी मारून थरथरतंय.

तिसरं, १० मेगाहर्ट्झ लावून बघितलो तर जनरेटर म्हणतोय १०.००००००, स्कोप म्हणतोय १०.००, आणि हातातला जुना काउंटर म्हणतोय ९.९९९४०. तिघांत खरं कुणाचं मानायचं? गिऱ्हाईकाच्या मशीनला चुकीचा क्लॉक जाऊन भलतंच काही व्हायला नको.

---

लॅबमास्तर_टिळकवाडी

तुमचा जनरेटर पण चांगला आहे आणि स्कोप पण चांगला आहे, विकणाऱ्याशी भांडू नका. कॉलेजच्या लॅबमध्ये दरवर्षी नवीन बॅच आली की हाच प्रश्न येतो.

जनरेटरच्या आत, आउटपुटच्या आधी, ५० ओहमचा रेझिस्टन्स सिरीजमध्ये असतो. समोर पण ५० ओहमचाच लोड असेल असं धरून तो स्क्रीनवर आकडा दाखवतो. दोन्हीकडं ५० असले की व्होल्टेज अर्धं-अर्धं वाटलं जातं, म्हणून ३.३ मिळावेत यासाठी तो आत ६.६ तयार करतो. तुमचा स्कोप १ मेगओहमचा, प्रोबसकट १० मेगओहम, त्याला वाटणी करायला कुणी नाही, सगळे ६.६ तिथंच पडतात. प्रोसेसरची पिनसुद्धा स्कोपसारखीच, करंट जवळजवळ घेतच नाही. म्हणजे स्कोपला जे दिसलं तेच पिनला गेलं असतं. आधी स्कोपवर बघितलंत ते फार बरं केलंत.

चॅनलच्या किंवा युटिलिटीच्या मेनूत लोड नाहीतर आउटपुट इम्पीडन्स म्हणून एक सेटिंग असतं, तिथं ५० ओहमच्या जागी हाय झेड (म्हणजे समोर लोड जवळजवळ नाहीच) करा. काही स्वस्त मॉडेलमध्ये हे सेटिंगच नसतं, त्यातले काही आधीपासून हाय झेडचा आकडा दाखवतात आणि काही ५० चा. तुमच्याकडं ६.६ आलंय म्हणजे तुमचा ५० वाला. मेनू सापडला नाही तर १.६५ सेट करा, ३.३ मिळेल.

आता ऑफसेट, कारण याच्यात जास्त पिनी मरतात. जनरेटर चालू केला की ऑफसेट शून्य असतो, म्हणजे ३.३ पीक टू पीक म्हटलं तरी वेव्ह −१.६५ ते +१.६५ अशी शून्याच्या दोन्ही बाजूला जाते. तुमच्या केसमध्ये ती −३.३ ते +३.३ होती. मायक्रोकंट्रोलरच्या पिनला शून्याच्या खाली गेलेलं अजिबात चालत नाही, आतला प्रोटेक्शन डायोड चालू होतो आणि करंट खायला लागतो. हाय झेड केल्यावर ऑफसेट +१.६५ द्या, म्हणजे ० ते ३.३ सरळ मिळेल. मेनूत हाय लेव्हल, लो लेव्हल असं असेल तर तेच वापरा, ३.३ आणि ० टाकलं की झालं. एवढं करून पिनच्या आधी ३३० ते ४७० ओहमचा एक रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. ८ मेगाहर्ट्झला त्यानं वेव्ह फारशी बिघडत नाही आणि उद्या कुणी नॉबला हात लावला तरी करंट आटोक्यात राहतो.

क्लॉक द्यायचा तो ऑस्क इनला, म्हणजे क्रिस्टलच्या दोन पिनींपैकी क्लॉक आत घेणाऱ्या पिनला. क्रिस्टलचा एक पाय तरी उचला, नाहीतर क्रिस्टल आणि त्याचे दोन्ही कपॅसिटर जनरेटरच्या गळ्यात पडतात. ऑस्क आउट मोकळा सोडायचा, तो प्रोसेसरचा आउटपुट आहे, त्याच्यावर बाहेरनं क्लॉक ढकलायचा नाही. नियमानं फर्मवेअरमध्ये एचएसई बायपास (क्रिस्टल नाही, बाहेरचा क्लॉक आहे असं सांगणारं सेटिंग) करावं लागतं, पण फर्मवेअर काही आपल्या हातात नसतं, आणि टेस्टपुरतं बायपास न करताही बहुतेक वेळा चालून जातं. जुन्या ८०५१ च्या कार्डात हा घोळच नाही, एटी८९एस५२ ला एक्सटाल १ वर क्लॉक द्यायचा, एक्सटाल २ मोकळा, डेटाशीटमध्येच तसं दिलंय.

शिंगांचं म्हणाल तर त्यातली निम्मी तुमच्या प्रोबची आहेत. प्रोबला लोंबणारी ती काळी अर्थची वायर आणि क्रोकोडाईल क्लिप आहे ना, ती १०-१५ सेंटीमीटर वायर म्हणजे इंडक्टर, साधारण मिलिमीटरला एक नॅनोहेन्री धरा, आणि प्रोबच्या टोकाचे १०-१५ पिकोफॅरड, दोघं मिळून घंटी वाजवतात. प्रोबची टोपी काढा, टोकाच्या मागं मेटलची रिंग दिसेल, तिच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे दोन वेढे घ्या आणि तारेचं टोक सरळ शेजारच्या ग्राउंडला टेकवा. परत बघा, निम्मी शिंगं गेलेली असतील. उरलेली खरी असतील तर त्यांचं नंतर बघू.

---

मच्छेवाला_पीएलसी

मास्तरांचं सगळं बरोबर हाय पण मला सांगा, १० रुपयाचं क्रिस्टल बदलून बघायला किती वेळ लागतोय? आम्ही पहिला क्रिस्टल बदलतो, मग त्याचे दोन सिरॅमिक कपॅसिटर बदलतो, मग बाकीचं. ८ मेगा, ११.०५९२, १२, १६ एवढी चार क्रिस्टलं डबीत ठेवली की निम्मं काम होतंय.

जनरेटर खरा कामाला येतोय तो एनकोडरला, म्हणजे स्पिंडल किती फिरला ते पल्सनं सांगणाऱ्या सेन्सरच्या जागी. स्पिंडल फिरवायची सोय नसते, मशीन गिऱ्हाईकाकडं असतंय, नुसतं कार्ड टेबलावर. तेव्हा दोन चॅनलला स्क्वेअर लावायचा, फ्रिक्वेन्सी दोघांची एकच, फेज ९० अंश, एक चॅनल ए दुसरा बी. १०२४ पल्सचा एनकोडर ३००० आरपीएमला फिरायलाय असं दाखवायचं तर मिनिटाचे ३००० म्हणजे सेकंदाला ५० फेरे, ५० गुणिले १०२४, ५१.२ किलोहर्ट्झ. फेज ९० चं २७० केलं की कार्डाला वाटतंय स्पिंडल उलटा फिरायलाय. आरपीएमचा आकडा उड्या मारत असेल तर फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत न्यायची, कुठं सुटतंय ते बरोबर कळतंय. स्वीप मोड असेल तर अजून सोपं.

दोन गोष्टी तेवढ्या ध्यानात ठेवा. सर्व्होचे एनकोडर बहुतेक डिफरन्शियल असतात, ए आणि उलटा ए अशा दोन वायरी, तिथं जनरेटर थेट लावून उपयोग नाही, मधे २६एलएस३१ लाईन ड्रायव्हर घाला. आणि पीएलसीचा इनपुट २४ व्होल्टचा, जनरेटर तेवढा द्यायचा नाही, तिथं एक ट्रान्झिस्टर लावून २४ ओढायचा. लोक पीसी८१७ ऑप्टोकपलर लावतात, काही किलोहर्ट्झपर्यंत ठीक हाय, वर गेलात की तो दमतोय, मग ६एन१३७ घ्यावा लागतोय. साध्या पीएलसी इनपुटला मिलिसेकंदातला फिल्टर असतोय, त्यामुळं शंभर-दोनशे हर्ट्झच्या वर पल्स दिसला नाही म्हणून इनपुट जळालाय असं समजू नका, हायस्पीड काउंटरच्या इनपुटला लावून बघा किंवा फिल्टर कमी करा.

---

निपाणीकर_रेडिओकाका

तिसऱ्या प्रश्नाला कोण हात लावंना, म्हणून मी लिवतो.

१० मेगाला ९.९९९४० म्हंजे ६०० हर्ट्झचा फरक, म्हंजे ६० पीपीएम, दहा लाखात ६०. बाळा, तिघांबी यंत्रांच्या आत शेवटी एक क्रिस्टलच बसलंय. साधं क्रिस्टल २०, ३०, ५० पीपीएम मागंपुढं असतंयच, वर उन्हाळा-पावसाळा आणि वय धरायचं. जुना काउंटर कुणी शेवटचा कधी जुळवलाय कुणास ठाऊक, त्याच्यावर माझा इस्वास कमी. जनरेटरनं १०.०००००० दाखवलं म्हंजे त्यानं मोजलेलं नव्हं, आपण टाकलेला आकडाच त्यो परत दाखवतोय, सहा शून्यांना भुलू नगा. आणि स्कोप पडद्यावरच्या चार-सहा लाटांवरनं हिशेब करतोय, तीन-चार आकड्यांच्या पुढं त्याला इचारूच नगा.

आता तुमच्या कामाला ह्याचा काय फरक पडतोय ते बघा. सिरियल पोर्ट दोन टक्के चुकला तरी चालवून घेतोय, ६० पीपीएम म्हंजे ०.००६ टक्के. प्रोसेसर उठतोय का एवढंच बघायचं असंल तर ८ च्या जागी ७.९ दिलं तरी उठंल. उलट ११.०५९२ च्या जागी कुणीतरी १२ चं क्रिस्टल बसवलेली कार्डं येत्यात, तिथं ९६०० चा बॉड १०४१६ हुतोय, साडेआठ टक्के चूक, स्क्रीनवर सगळा कचरा. तसलं शोधायला तीन आकडे दाखवणारा स्कोपबी बास.

पीपीएम कुठं बघायचं? घड्याळाला. ३२.७६८ किलोहर्ट्झचं क्रिस्टल, पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला एक पल्स. तिथं २० पीपीएम चुकलं की दिवसाला पावणेदोन सेकंद. पण त्या क्रिस्टलला प्रोब लावून मोजू नगा, प्रोबचेच १०-१५ पिकोफॅरड त्याच्यावर बसत्यात, मग एकतर ते थांबतंय नाहीतर हळू चालतंय आणि तुम्ही भलताच आकडा लिवून घेता. डीएस३२३१ सारखं घड्याळाचं चिप असंल तर त्याची ३२ के ची पिन हाय, तिला पुलअप लावून तिथं मोजा.

आणि रेडिओला. आमी निपाणीत रेडिओ दुरुस्त करायचो तवा आरएफ जनरेटर हीच लक्ष्मी. ४५५ किलोहर्ट्झ लावायचं, वर ४०० हर्ट्झचं मॉड्युलेशन ३० टक्के, आणि सिग्नल अगदी बारीक ठेवायचा, इतका की कान लावून ऐकावा लागंल. सिग्नल मोठा केला की एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) मधी पडतोय आणि आयएफच्या, म्हंजे ४५५ च्या, डब्या फिरवलेल्या कळतच न्हाईत. प्लास्टिकचा पेचकस, लोखंडाचा न्हाई. मग डायल जुळवायची, ६०० ला कॉइलची कोअर, १४०० ला ट्रिमर, परत ६००, परत १४००, दोनीकडं बसूस्तवर. जनरेटरवर भरवसा नसला की धारवाड लावायचो, ७६५ किलोहर्ट्झ, न्हाईतर सांगली १२५१. जनरेटर तितकाच करून शेजारी ठेवला की दोघांची शिट्टी ऐकू याची, शिट्टी खाली खाली येऊन बंद पडली की जनरेटर स्टेशनावर बसला. मीडियम वेव्हच्या स्टेशनाला १० हर्ट्झच्या आत राहावं लागतंय, म्हंजे ७६५ ला १३ पीपीएम, फुकटात.

आताच्या पोरांनी जीपीएसचं मॉड्यूल घ्यावं. निओ-६एम वर सेकंदाला एक पल्स देणारी पिन असती, त्यो पल्स काही दहा नॅनोसेकंदांत बरोबर असतोय कारण मागं सॅटेलाइटमधलं अ‍ॅटमिक घड्याळ हाय. निओ-एम८ मध्ये तर ती पिन १० मेगापर्यंत सेट करता येती, पण ती जरा थरथरती, घटकाभर सरासरी काढून मोजायची.

---

मच्छेवाला_पीएलसी

काका, मानलं. पण सीएनसी कार्डवाल्याला जीपीएस कशाला, अँटेना शेडच्या पत्र्यावर नेऊन बसवायची ती पण.

---

निपाणीकर_रेडिओकाका

त्याला न्हाई रे, काउंटरला. एकदा काउंटर जुळवला की ट्रिमरवर नेलपॉलिश लावायचं आणि अँटेना काढून ठेवायची.

---

खानापूर_ईसी

मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, मिनी प्रोजेक्टसाठी स्वतःचा जनरेटर करायलेय. एडी९८३३ घ्यायचा का एसआय५३५१? दोन्ही मॉड्यूल पाचशेच्या आसपास मिळायलेत. युट्यूबवर एक जण म्हणतो हा भारी, दुसरा म्हणतो तो भारी.

---

लॅबमास्तर_टिळकवाडी

दोघांचं काम वेगळं आहे, म्हणून दोघंही बरोबर आहेत.

एडी९८३३ हा डीडीएस. साईन, ट्रँगल, स्क्वेअर तिन्ही देतो. २५ मेगाहर्ट्झच्या मास्टर क्लॉकवर २८ बिटचा रजिस्टर आहे, म्हणजे पायरी ०.१ हर्ट्झची. ऑडिओ, फिल्टरचा रिस्पॉन्स, सेन्सर असल्या कामाला हा छान. साईन फक्त ०.६ व्होल्टच्या आसपास मिळते, पुढं ऑप अ‍ॅम्प लावावा लागेल. डेटाशीटवर १२.५ मेगाहर्ट्झ लिहिलंय म्हणून तिथपर्यंत जाऊ नकोस, तिथं एका लाटेला दोनच सॅम्पल येतात, एक-दोन मेगाहर्ट्झपर्यंत साईन बघण्यासारखी असते. त्याच्या स्क्वेअरमध्ये अजून एक गंमत आहे. मास्टर क्लॉकला पूर्ण भाग जात नसेल अशी फ्रिक्वेन्सी टाकलीस की प्रत्येक एज ४० नॅनोसेकंदाच्या घरात पुढंमागं होते. स्कोपवर पर्सिस्टन्स चालू केलास की एजच्या जागी जाड पट्टा दिसेल. स्वच्छ क्लॉक हवा असेल तर साईन घे, लो पास फिल्टरमधनं काढ आणि कंपॅरेटरनं स्क्वेअर कर.

एसआय५३५१ हा क्लॉक जनरेटर. साईन नाही, नुसता स्क्वेअर, पण ८ किलोहर्ट्झपासून १६० मेगाहर्ट्झपर्यंत, छोट्या पॅकेजमध्ये तीन आउटपुट. २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरनं आतला पीएलएल ६०० ते ९०० मेगाहर्ट्झला चढतो आणि तिथनं भागून हवी ती फ्रिक्वेन्सी काढतो. आयटूसीवर पत्ता ०x६०. प्रोसेसरला क्लॉक देणं, रेडिओचा लोकल ऑसिलेटर, काउंटरची टेस्ट, याला हाच. मॉड्यूलवरचं क्रिस्टल साधं असतं, त्यामुळं पहिल्यांदा मोजून लायब्ररीमध्ये करेक्शन टाकायचं, आणि मोजायला काय वापरायचं ते काकांनी वर लिहिलंयच.

एसआय५३५१ चा आउटपुट साधारण ५० ओहमचाच आहे. वायरच्या टोकाला परत ५० ओहमचं टर्मिनेशन लावलंस तर ३.३ चे १.६५ होतील. एसटीएम३२ च्या ऑस्क इनला हाय म्हणण्यासाठी सप्लायच्या ७० टक्के लागतात, ३.३ ला २.३ व्होल्ट, म्हणजे तो क्लॉक ओळखणारच नाही. टोकाला काही लावू नकोस, वायर आखूड ठेव.

प्रोजेक्टला मार्क हवे असतील तर दोन्ही घे, एकाच अर्डुइनोवर बसतात, एक एसपीआय आणि एक आयटूसी. परीक्षक बाहेरनं आला की जनरेटर इम्पीडन्स विचारतोच विचारतो.

---

मच्छेवाला_पीएलसी

अर्थिंगचं कुणी बोललंच नाही. जनरेटरच्या बीएनसीची बाहेरची बाजू, स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप, आणि थ्री पिनचा अर्थ हे सगळं आतनं एकच असतंय. ड्राईव्हच्या किंवा एसएमपीएसच्या मेन्सच्या बाजूला ती क्लिप लावली की थेट शॉर्ट, मग ट्रॅक उडतोय नाहीतर प्रोब. तपासायच्या कार्डाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. आपल्या उद्यमबागेत लई जणांनी स्कोपच्या प्लगचा अर्थचा पायच मोडून ठेवलाय, ते बंद करा, स्कोपच्या बॉडीला हात लावून माणूस चिकटतोय.

आणि उलटा प्रकार पण हाय. टू पिनवाले स्वस्त जनरेटर असतात, आत एसएमपीएसमध्ये मेन्स आणि आउटपुटच्या मधला वाय कपॅसिटर, त्यातनं गळून गळून बीएनसीवर मेन्सच्या निम्मं व्होल्टेज तरंगत असतंय. करंट अगदी कमी, हाताला झिणझिण्या तेवढ्या येतात, पण ३.३ च्या पिनला तेवढं पुरतंय. म्हणून आधी ग्राउंडची क्लिप लावायची, मग सिग्नलची, काढताना उलटं. आणि शेडचा अर्थचा खड्डा उन्हाळ्यात वाळतोय, मीठ-कोळसा घालून भागत नाही, पाणी पण घालावं लागतंय.

---

उद्यमबाग_कार्डवाला

मास्तर, काका, मच्छेवाले अण्णा, सगळ्यांना थँक्स.

लोडचं सेटिंग सापडलं, युटिलिटीत नव्हतं, चॅनलचं बटण दाबून धरल्यावर येतंय. हाय झेड केलो, हाय ३.३ लो ० टाकलो, स्कोपवर ० ते ३.३ बरोबर आलं. प्रोबच्या रिंगला तार गुंडाळून बघितलो तर शिंगं जवळजवळ गेली, थोडी उसळी राहिलीय तेवढी.

जनरेटर थ्री पिनचाच हाय. मल्टिमीटरनं बीएनसी ते अर्थ बघितलो, सरळ बीप वाजतंय, म्हणजे तरंगत नाही.

क्रिस्टलचा एक पाय उचलून, ३९० ओहम होता तोच लावून, आधी ग्राउंड मग ऑस्क इनला क्लॉक सोडलो. कार्डावरचा हिरवा एलईडी लगेच लुकलुकायला लागला. म्हणजे प्रोसेसर जिवंत हाय. मग क्रिस्टल काढून दुसऱ्या चालू कार्डावर लावलो तर तिथं ते मस्त चाललं! शेवटी भिंगाखाली बघितलो तर क्रिस्टलच्या शेजारच्या एका कपॅसिटरला केसागत चीर, बोटानं दाबलं की मीटरवर शॉर्ट दाखवतंय. २० पिकोचा होता, २२ चा टाकलो, चालू झालं. मच्छेवाल्यांनी क्रिस्टलनंतर कपॅसिटर म्हटलं होतं, ते बरोबर निघालं, पण नुसतं क्रिस्टल बदलून सोडलो असतो तर प्रोसेसर गेलाय म्हणून कार्ड परत दिलो असतो.

काकांचा काउंटर जुळवायचा मुद्दा पटला, आतला ट्रिमर दिसायलाय, जीपीएसचं मॉड्यूल बेंगळूरला एसपी रोडवर जाणाऱ्या एकाला आणायला सांगितलोय.

आता पुढचं, याच मशीनचा एनकोडर इनपुट पण टेस्ट करून द्यायचाय. २६एलएस३१ ला जनरेटरमधनं ० ते ५ द्यायचं का ३.३ पण चालेल?

---

मच्छेवाला_पीएलसी

३.३ चालतंय, त्याचा इनपुट टीटीएल हाय, २ व्होल्टच्या वर हाय धरतोय. आयसीला सप्लाय मात्र ५ चाच द्या, आणि कार्डाचं ग्राउंड जोडायला विसरू नका. एनेबलच्या दोन पिनी हायत, ४ आणि १२, त्यातली ४ नंबर वर बांधा नाहीतर आउटपुट बंदच राहतोय आणि तुम्ही परत जनरेटरवर संशय घ्याल.